एकाच मुहूर्तावर सगळ्या मोटारी

ती. विवेकमामांना,

वडनेरहून तुमचा भाचा योगेंद्र याचा वाकून नमस्कार. (आपल्याकडे मामानेच भाच्याच्या पाया पडायचे असते, हे मला माहीत आहे. पण पत्राच्या पहिल्याच ओळीत तुम्हाला वाकवणे बरे दिसले नाही, म्हणून आत्ता नमस्कार मी करतो. तुमचा नंतर कधी घेईन.) तुमची तब्येत कशी आहे? मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? दवाखान्याचा जनरेटर तुम्हाला रात्री झोपू देतो का? आणि तुमची मिशी कशी आहे? मागच्या वेळी आलात तेव्हा ती फारच भरघोस वाटली. तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, "अशी मिशी अख्ख्या सेवाग्रामात नसन." मीही तसेच म्हणालो. (हे तोंडदेखले नाही.)

फोन न करता पत्र लिहितो आहे, याचे कारण असे की फोन केला की मामी स्पीकर लावतात, आणि शेजारच्या दोन काकू "कोण होय, कोण होय" करत जवळ येतात. शिवाय फोनवर मी घाबरलो की आधीचे मागे आणि मागचे आधी सांगतो. कागदावर तसे होत नाही, झाले तरी खोडता येते.

गिरडच्या मुकेशरावांचे स्थळ तुम्हीच आणले. त्यांची मुलगी वर्षाली आम्ही पाहून आलो, मग मुलाचे घर पाहायला म्हणून मुकेशराव आमच्याकडे आले, त्या दिवशी तुमची ड्यूटी होती. तुम्हाला एवढेच कळले की ते आले, तोंडाला गमछा गुंडाळून बसले, चहा घेतला आणि "पुढचं पुढं पाहू" म्हणून निघून गेले. "पाहू" चा अर्थ काय होतो हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही आईला विचारलेत, "काऊन, पोरगं पसंत नाई पडलं काय त्याईले?" आई तेव्हापासून माझ्याकडे पाहून उसासे टाकते. बाबा गेल्यापासून आमच्या घरातले मोठे म्हणजे तुम्हीच, म्हणून खरे काय झाले ते तुम्हाला लिहितो. मामा, मला ही मुलगी हातची घालवायची नाही. पाहायला गेलो तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्ही जिनिंगमध्ये नेमकं करता काय?" मी म्हणालो, "बटन दाबतो." ती हसली. चिडवण्यासाठी नाही, खरेच हसली. नंतर पोह्यांची बशी माझ्यासमोर तिने स्वतः सरकवली. (शेंगदाणे वरच्या बाजूला होते.)

आता बटनाचे सांगतो, कारण सगळे त्यावरच आहे. मामींना अजून वाटते की मी कापूस मोजतो. तसे नाही. आमच्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रे आहेत, रुईच्या गाठी बांधणारी प्रेस आहे, आणि या सगळ्यांना मोठमोठ्या इंडक्शन मोटारी आहेत. त्या सुरू करणे आणि बंद करणे हे माझे काम. (आयटीआयचे दुसरे वर्ष सुटले, पण सुटायच्या आधी मोटारीचा धडा होऊन गेला होता, एवढे माझे नशीब.) मोटार ही बसलेल्या बैलासारखी असते. चालू लागली की एक माणूस तिला हाकू शकतो, पण बसलेली उठवायला सहा माणसे लागतात. म्हणजे उठताना ती नेहमीच्या सहापट करंट ओढते. गावाची डीपी (ट्रान्सफॉर्मर) वेगळी आणि आमची वेगळी, पण वरची अकरा हजार व्होल्टची लाईन एकच, म्हणजे घरे दोन पण विहीर एक. आम्ही मोठी बादली टाकली की गावाची घागर अर्धी येते. दिवे मंदावतात, पंखे दमतात, आणि शेजारच्या सीताबाई मिक्सर हातात धरून अंगणात येतात आणि ओरडतात, "मेल्या योगेंद्र, माह्या चटणीत दाणे राह्यले ना!" गावात वीज कमी झाली की विजेच्या कंपनीचे नाव कोणी घेत नाही, माझे घेतात. म्हणून मी फार जपून वागतो. पंगतीत वाढपी जसा एकेका पानाशी थांबून पुढे जातो, तशी मी एक मोटार उठवतो, ती आपल्या चालीला लागेपर्यंत थांबतो, मग दुसरी.

यंदा आमच्या मालकांनी, सदाशिवरावांनी, दोन नव्या वस्तू घेतल्या. एक, पंख्याच्या मोटारीचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह. दुसरी, कॅपॅसिटरचे मोठे कपाट. (मोटारी थोडी वीज कामाला न लावता नुसतीच आत-बाहेर खेळवत राहतात आणि त्याचा बिलात दंड लागतो. कॅपॅसिटर असला की तो खेळ घरातल्या घरात होतो.) दोन्ही वस्तू चांगल्या, पण दोघींचे पटेना. पंखे गुणगुणायला लागले, ट्यूबलाइटी थरथरायला लागल्या, आणि मंदिराच्या भोंग्यातून काकड्याच्या मागे भुंगा ऐकू येऊ लागला. तेव्हा हिंगणघाटचे इंजिनिअर नागसेन साहेब मीटर घेऊन आले. ते म्हणाले, हे हार्मोनिक्स आहेत. मी विचारले, म्हणजे काय?

"भजनात सारे एका ठेक्यात टाळ वाजवून राह्यले, अन् कोपऱ्यात एक जण पाचपट घाईनं वाजवून राह्यला, तर काय होईन?"

"बुवा चिडतील."

"होव. तो घाईवाला म्हणजे हा ड्राइव्ह. अन् त्याची घाई आयकून ज्याच्या अंगात येते, तो हा कॅपॅसिटर."

इतके सोपे मला आयटीआयमध्ये कोणी सांगितले नव्हते. साहेबांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, फिल्टर लावा. दोन, कॅपॅसिटर ऑटोवर ठेवा, म्हणजे मोटारी थांबल्या की तोही लाईनवरून सुटेल, नाहीतर व्होल्टेज उगाच वर चढते. यावर मालक म्हणाले, "फिल्टर तर हाफिसात हाय ना साहेब, थंडं पाणी येते." (हे ते गमतीने म्हणाले की खरेच, हे मला अजून कळलेले नाही.) आणि ऑटोची पेटी दिवसभर टकटक करते, त्याने डोके दुखते, म्हणून साहेबांची गाडी वळणावरून दिसेनाशी होताच मालकांनी कॅपॅसिटर कायमचा चालूवर टाकायला लावला.

मग आला हंगामाचा मुहूर्त. तुम्हाला माहीतच आहे, पहिली कापसाची गाडी येते, त्या शेतकऱ्याला शेला-श्रीफळ देतात, वजनकाट्याची पूजा होते आणि कोणा मोठ्या माणसाच्या हातून मोटारीचे बटन दाबवतात. मागच्या वर्षी ते मालकांच्या थोरल्या जावयाने दाबले, म्हणून धाकटे जावई न जेवता गेले होते. यंदा सरपंच होते, बँकेचे मॅनेजर होते, नवे व्याही होते आणि जावई तर दोघे होतेच. मान कोणाला द्यायचा यावरून मालकांच्या घरात अबोला सुरू झाला. शेवटी मालकांनी असा तोडगा काढला, की तो ऐकून माझ्या हातातला पेचकस खाली पडला. जितके पाहुणे तितकी बटने. प्रत्येकाने एका मोटारीसमोर उभे राहायचे, आणि सव्वाअकराच्या मुहूर्तावर सगळ्यांनी एकदम दाबायचे. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, कोणी रुसणार नाही.

मी म्हणालो, "मालक, एकामागून एक लावू. एकदम उठवल्या तर लाईन बसन."

मालक म्हणाले, "अबे, मुहूर्त का एकामागून एक येते? लग्नात अक्षता साऱ्याईनं एकदमच टाकतात ना?"

मी बटने पुसायला लागलो. (उत्तर मला नंतर सुचले. अक्षता टाकल्याने गावाचे दिवे जात नाहीत. पण तोवर उशीर झाला होता, आणि हे मालकांना म्हणण्याची माझी छातीही नव्हती.)

त्यांनी मला मधोमध उभे केले. मी "हं" म्हणायचे आणि पाहुण्यांनी बटन दाबायचे. सगळीकडे झेंडूच्या माळा, बटनांनासुद्धा हळदकुंकू. निवेदन करणाऱ्याने माझ्या तोंडापुढे माईक धरला. नाकात रुईचे तंतू गेल्यामुळे मला दोन शिंका आल्या, आणि मग मी "हं" म्हणालो.

मामा, पुढचे बसून वाचा. सगळे बैल एकदम उठायला गेले आणि विहिरीत तेवढे पाणी नव्हते. दिवे निखाऱ्यासारखे लाल झाले. मोटारी अशा कण्हल्या की व्याह्यांनी हात जोडले. स्टार्टर ताशासारखे तडतडले आणि एकामागून एक सुटले. म्हणजे मोटारी सगळ्या थांबल्या, पण कॅपॅसिटर तसाच लाईनवर. आता ओढणारे कोणी नाही आणि ढकलणारा एकटा. व्होल्टेज असे चढले की सगळे बल्ब दुपारच्या उन्हासारखे पेटले. ड्राइव्हचा लाल दिवा लागला, कपाटात भुंगा गरगरला, आणि फाड्‌ करून कॅपॅसिटर फुटला. पांढरा धूर वर गेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, आतषबाजी. बँकेच्या मॅनेजरनी मला विचारलेसुद्धा, "दुसरा कवा फुटते?"

आता याच वेळी गावात काय चालले होते ते सांगतो. मुकेशराव आमच्या घरी यायच्या आधी, व्याह्याच्या घरी जायचे म्हणून मिशीची टोके सारखी करायला, गुलाबच्या सलूनमध्ये बसले होते. त्यांची मिशी तुम्ही पाहिलीच आहे, टोकाला पीळ दिलेली. गुलाबचे मशीन वायरवाले आहे. पुढचे त्याच्याच शब्दांत लिहितो.

"भाऊ, पयले मशीन मेलं. मिशीत अडकून बसलं. ते म्हणे, ओढू नको बे. मी म्हटलं, थांबा, लाईट येऊ द्या. अन् लाईट अशी आली, अशी आली, का मशीन माह्या हातातून पुढं पयालं! उजवी बाजू साफ. मी आरसा उलटा केला, पण त्याईनं पाह्यलंच."

गुलाब भला माणूस आहे. मशीन कोणामुळे पळाले हे मुकेशरावांना सांगणार नाही, असे तो म्हणाला. त्याबदल्यात त्याच्या दुकानाची सगळी वायरिंग मी नवीन करून देणार आहे.

मी घरी पोचलो तेव्हा मुकेशराव गमछा गुंडाळून बसले होते. आईला वाटले, दाढ दुखते आहे. तिने लवंग आणून दिली, मग लवंगेचे तेल आणले, मग शेक द्यायला तवा तापवायला निघाली. त्यांनी चहा बशीत ओतून गमछ्याच्या आतून प्यायला. बिस्किटही आतच गेले. (बाहेर आले नाही म्हणून समजले.) मला पाहून ते फक्त इतके म्हणाले, "ज्यानं हे लाईटीचं केलं, तो एकडाव मले भेटला पायजे." मी त्यांना पाणी दिले आणि आत जाऊन उभा राहिलो.

तुम्ही म्हणाल, अर्धी गेली तर उरलेली काढून टाकायची, पुन्हा येते. तिथेच घोटाळा आहे. बाप जिवंत असेपर्यंत मिशी काढायची नाही, हा आपला रिवाज. मुकेशरावांचे वडील रूपरावआजा नव्वदीला टेकले आहेत आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. मिशी साफ केलेला मुकेशराव दिसला की अर्धे गिरड आजांना खांदा द्यायला धावत येणार आणि आजा स्वतःच दार उघडणार. म्हणजे ठेवली तर अर्धी, काढली तर बाप मारल्यासारखे. अशा तोंडाने ते सोयरीक जुळवायला चार माणसांत बसणार कसे? आणि भरून येईपर्यंत थांबावे, तर तोवर त्या मुलीला दुसरी तीन स्थळे येतील. त्यातला एक तलाठी आहे, हे मला आतून कळले आहे. मुकेशराव घरात भिंतीकडे तोंड करून जेवू लागले. आजांनी विचारले, "काऊन रे, व्याह्याच्या घरी नाक कापून आला काय?"

मी जेवण सोडले होते असे नाही, पण चव लागत नव्हती. तेवढ्यात वर्षालीचा फोन आला. (ती सावंगीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नंबर आम्ही पाहण्याच्या दिवशीच घेतले होते. हे आईला सांगू नका.) ती म्हणाली, "बाबा गमछा सोडून नाई राह्यले. मी सुट्टीत आली तर माह्यासमोर पण नाई. शेवटी झोपले तवा पाह्यलं." मग ती फोनवर इतकी हसली की मला दोनदा हॅलो म्हणावे लागले. हसू ओसरल्यावर म्हणाली, "त्याईले तिरुपतीले धाडा."

मामा, मला एकदम उजेड पडला. (योग्य व्होल्टेजचा.) बालाजीला केस द्यायचे असले की डोक्यासोबत मिशीही देता येते, आणि बाप जिवंत आहे का हे तिथे कोणी विचारत नाही. गावात परतल्यावर लोक उलट पाया पडतात. मी म्हणालो, "पण लोक विचारतील ना, नवस कायचा होता?"

ती म्हणाली, "आता तेही मीच सांगू काय?"

मला समजायला थोडा वेळ लागला. मोठी मोटार उठायला वेळ घेतेच. मग मी म्हणालो, "लेकीचं लग्न जुळलं, म्हणून."

"हं," ती म्हणाली. माझे "हं" आणि तिचे "हं" यात किती फरक आहे बघा.

तिने ते आजांच्या कानात घातले, की बाबांनी तिच्या लग्नासाठी मिशी बोलली आहे आणि लाजून कोणाला सांगत नाहीत. आजांचे डोळे भरून आले म्हणे. "लेकीसाठी मिशी! आमच्या बापजाद्यात कोणं नाई केलं असं!" असे त्यांनी ओट्यावरून साऱ्या आळीला ऐकवले. आता नवस जाहीर झाला, म्हणजे तो फेडायला जावे लागणार. आणि फेडायचा तर लग्न जुळलेले असावे लागणार. मुकेशरावांना दुसरी वाटच उरली नाही. काल त्यांचा आईला निरोप आला, की पोरगं पसंत आहे, आणि तवा तापवू नका, दाढ बरी आहे.

तर मामा, सगळे तुमच्या आशीर्वादाने ठीक झाले आहे. आईचा तुम्हा दोघांना नमस्कार. मामींनी गुडघ्याला एरंडाचे पान बांधावे. शुद्धलेखनाची चूक कुठे राहिली असल्यास कळवावी.

तुमचा भाचा,
योगेंद्र

ता. क. - एक विनंती लिहायची राहिली. मुकेशराव पुढच्या आठवड्यात तिरुपतीला निघत आहेत आणि मीही सोबत आहे. तुम्हीपण चलावे. "हं" म्हणणारा माणूस मी होतो, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे, आणि ते मोठ्या माणसाने सांगितलेले बरे. जाताना सांगू नये. येताना, मिशी देऊन झाल्यावर, गाडी वेगात असताना सांगावे.

ता. क. दुसरा - नागसेन साहेबांनी फिल्टर लावून घेतला, कॅपॅसिटर नवा आणि ऑटोवर. पुढच्या मुहूर्तासाठी त्यांनी नामी युक्ती काढली आहे. पाहुण्यांसमोर बटने तशीच, हार आणि हळदकुंकूही तसेच, पण त्या बटनांना एकेक छोटा दिवा सोडून काहीही जोडलेले नाही. सगळ्यांनी एकदम दाबावे, सगळ्यांचे दिवे एकदम लागावेत. मोटारी मागच्या खोलीतून मीच उठवणार, एकामागून एक. मालकांना हे फार आवडले. त्यांनी मुकेशरावांनाही एक बटन देऊ केले आहे.

ता. क. तिसरा - पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात मुकेशरावांचा फोन आला. म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडचं कोणी मले काई सांगणार असन तर नोका सांगू म्हणा. तुमच्या मुहूर्ताचा भोंगा गुलाबच्या दुकानावरच होता. दोन शिंका आयकल्या अन् ते 'हं' पण आयकलं." (माईक चालू होता, हे माझ्या लक्षातच राहिले नव्हते. म्हणजे गुलाबची वायरिंग फुकटच.) मी माफी मागू लागलो. ते म्हणाले, माफी राहू द्या, पण मी एकटा मिशी देणार नाही. मुलाकडूनही एक पाहिजे, आणि ती बरोबरीची पाहिजे. मी लगेच माझी देऊ केली. ते म्हणाले, "ते मिशी नोय बापू, दूध पिल्ल्यावर पुसाचं राह्यलं असन." आमच्या बाजूला बरोबरीची एकच आहे. आजोबा आता नाहीत, त्यामुळे तुम्हाला रिवाजाचीही अडचण नाही. आणि भाच्याच्या शब्दाला मामाने नाही म्हणू नये, हाही आपला रिवाजच आहे. तुमचे तिकीट काढले आहे, खालची जागा मिळाली. तिकिटाच्या आधी मामींना फोन करून विचारले होते, तुम्ही ड्यूटीवर होता. त्यांनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला. त्यांना चालेल म्हणाल्या, दोन्ही काकूंनाही चालेल. तुम्हालाच तेवढे माहीत नव्हते, म्हणून हे पत्र.